स्कॉटलंडच्या हायलँड्समधील खडकांचा वाद (१८५५–१९०७) : अधिकार, क्षेत्रकार्य आणि पुरावा – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विज्ञानाचा इतिहास हा बहुधा यशस्वी शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. एखादा सिद्धांत चुकीचा असूनही तो दीर्घकाळ का टिकला, त्याला आधार कोणी दिला आणि तो कोणत्या पुराव्याने कोसळला, हे प्रश्न त्या मानाने उपेक्षित राहतात. भूशास्त्राच्या इतिहासात स्कॉटलंडच्या वायव्य हायलँड्समधील रूपांतरित खडकांविषयीचा वाद या दृष्टीने विशेष उद्‍बोधक आहे. एका खडकाखाली दुसरा खडक दिसतो, एवढ्या साध्या निरीक्षणातून हा वाद सुरू झाला. तो मिटेपर्यंत जवळजवळ तीस वर्षे लोटली आणि तोवर पर्वतनिर्मितीविषयीची भूशास्त्रज्ञांची समजूतच बदलून गेली होती.

रूपांतरित खडक, प्रस्तरभंगाचे पट्टे आणि भूकवचाच्या हालचाली हे तीन विषय आज भूशास्त्राच्या व भूगोलाच्या अभ्यासक्रमात स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकविले जातात. या तिन्ही विषयांचा परस्परसंबंध प्रथम स्पष्टपणे प्रस्थापित झाला तो याच प्रदेशात. म्हणून या वादाचा मागोवा घेणे हे केवळ ब्रिटिश विज्ञानाच्या इतिहासापुरते मर्यादित राहत नाही.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) हायलँड्समधील वादाचा कालानुक्रमे आढावा घेणे.
२) चुकीचा सिद्धांत दीर्घकाळ टिकण्यामागील संस्थात्मक कारणे शोधणे.
३) चार्ल्स लॅपवर्थ यांच्या क्षेत्रकार्य पद्धतीचे वेगळेपण स्पष्ट करणे.
४) या संशोधनाचा हिमालयाच्या अभ्यासाशी असलेला संबंध तपासणे.

खडकांचा क्रम आणि मूळ प्रश्न :

महाराष्ट्रातील वाचकाला स्तरक्रमाचा नियम समजावून सांगण्यासाठी सह्याद्रीतील कोणताही घाट पुरेसा आहे. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले. घाटाच्या पायथ्याचा थर आधीचा आणि माथ्याचा थर नंतरचा, हे तेथे सामान्यतः निर्विवाद असते. ‘खालचे जुने, वरचे नवे’ हा सतराव्या शतकापासून भूशास्त्राने मान्य केलेला नियम आहे. मात्र थरांची मूळ मांडणी नंतरच्या काळात बिघडलेली नसेल, तरच हा नियम लागू पडतो. हायलँड्समधील वादाचे मूळ नेमके या अटीत होते.

स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्यावरून पूर्वेकडे जाताना खडकांचे पाच गट ओळीने आढळतात. सर्वांत खाली ल्युईशियन नाईस हा पट्टेदार, अतिशय प्राचीन रूपांतरित खडक आहे. त्यावर टॉरिडोनियन वालुकाश्म, त्यावर पांढरे क्वार्टझाइट आणि त्यावर डर्नेस चुनखडक आहे. या चुनखडकाच्या वर, पूर्वेच्या बाजूस, पुन्हा शिस्ट व नाईस या प्रकारचे रूपांतरित खडक दिसतात. त्यांना आज मोइन खडक म्हणतात. क्वार्टझाइट, चुनखडक आणि शिस्ट हे सर्व थर पूर्वेकडे मंद उताराने कललेले असल्यामुळे डोळ्यांना तो एक अखंड चढता क्रम वाटतो.

इ. स. १८५४ मध्ये किनारारक्षक दलात नोकरी करणारे हौशी संग्राहक चार्ल्स पीच यांना डर्नेस चुनखडकात जीवाश्म सापडले. जीवाश्मतज्ज्ञ जॉन सॉल्टर यांनी ते त्या काळच्या वर्गीकरणानुसार पूर्व सिल्युरियन काळातील असल्याचे ठरविले. यामुळे चुनखडकाचे सापेक्ष वय निश्चित झाले आणि मूळ प्रश्न उभा राहिला. चुनखडकावर दिसणारे शिस्ट खरोखर त्याच्यानंतर निर्माण झाले काय? तसे असेल तर वरचा खडक प्रखर उष्णता आणि दाबाने संपूर्ण बदलून गेला असताना त्याच्याखालच्या चुनखडकातील जीवाश्म ओळखण्याइतपत शाबूत कसे राहिले?

मर्चिसन यांचा सिद्धांत :

सर रॉडरिक मर्चिसन (१७९२–१८७१) हे तत्कालीन ब्रिटिश भूशास्त्रातील सर्वांत प्रभावी व्यक्तिमत्त्व होते. तारुण्यात सैन्यात अधिकारी असलेल्या मर्चिसन यांनी १८३९ मध्ये ‘द सिल्युरियन सिस्टिम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५५ मध्ये ते ब्रिटनच्या जिऑलॉजिकल सर्व्हेचे महासंचालक झाले. त्याच वर्षी त्यांनी ॲबर्डीन येथील प्राध्यापक जेम्स निकोल (१८१०–१८७९) यांच्यासमवेत वायव्य हायलँड्सचा दौरा केला.

मर्चिसन यांचा निष्कर्ष सरळ होता. थर एकावर एक आहेत, म्हणून शिस्ट चुनखडकापेक्षा नवे आहेत. म्हणजेच हायलँड्सचा फार मोठा भाग रूपांतरित झालेल्या सिल्युरियन खडकांचा आहे. हा निष्कर्ष मर्चिसन यांना सोयीचाही होता. सिल्युरियन ही संज्ञा त्यांनीच रूढ केली होती आणि तिचे क्षेत्र जगभर विस्तारत जावे, अशी त्यांची महत्त्वाकांक्षा होती. तथापि केवळ महत्त्वाकांक्षेने या मताचे स्पष्टीकरण करणे अन्यायाचे ठरेल. अनेक ठिकाणी शिस्ट चुनखडकावर शांतपणे टेकलेले दिसतात. नॉकन क्रॅग येथील कड्यावर आजही कोणालाही ते पाहता येते. दोन्ही खडकांमधील सीमा बोटाने दाखविता येते आणि तेथे प्रस्तरभंगाची ठळक खूण अप्रशिक्षित डोळ्यांना जाणवत नाही.

निकोल यांचा आक्षेप :

जेम्स निकोल यांनी १८५७ च्या निबंधात सावध भूमिका घेतली होती. पुढील दौऱ्यांनंतर मात्र त्यांचे मत ठाम झाले. १८५९ मध्ये ॲबर्डीन येथे भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात मर्चिसन आणि निकोल यांचे मतभेद उघड झाले. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात निकोल यांनी प्रतिपादन केले की, चुनखडक आणि पूर्वेकडील शिस्ट यांच्यामधील सीमा ही निक्षेपणाची नसून प्रस्तरभंगाची आहे. पूर्वेकडील खडक नवे नाहीत, तर ते जुनेच असून भूहालचालींमुळे वर उचलले गेले आहेत.

निकोल यांच्या मांडणीत उणिवा होत्या. त्यांनी कल्पिलेले प्रस्तरभंग तीव्र उताराचे होते. जुना खडक जवळजवळ आडव्या पातळीवरून अनेक किलोमीटर सरकत नव्या खडकावर चढू शकतो, ही कल्पना त्यांच्यासमोर नव्हती. पूर्वेकडील खडक हे पश्चिमेकडील ल्युईशियन नाईसच होत, हे त्यांचे समीकरणही पुढे टिकले नाही. परंतु मुख्य मुद्द्यावर, म्हणजे ही सीमा तुटलेली आहे या मुद्द्यावर, ते बरोबर होते.

अधिकाराचे स्वरूप :

१८६० मध्ये मर्चिसन यांनी आर्चिबाल्ड गीकी (१८३५–१९२४) या पंचविशीच्या उंबरठ्यावरील तरुण सहकाऱ्यास बरोबर घेऊन हायलँड्सचा पुन्हा दौरा केला. १८६१ मध्ये दोघांच्या नावे निबंध आणि स्कॉटलंडचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध झाला. त्यानंतर सुमारे दोन दशके निकोल यांचे मत जवळजवळ विस्मृतीत गेले.

हे कसे घडले याचा विचार करताना पुढील घटनाक्रम लक्षात घ्यावा लागतो. १८६७ मध्ये सर्व्हेची स्कॉटलंडसाठी स्वतंत्र शाखा निर्माण झाली व गीकी तिचे संचालक झाले. १८७१ मध्ये एडिंबरो विद्यापीठात मर्चिसन यांच्या देणगीतून भूशास्त्राचे अध्यासन स्थापन झाले आणि त्यावर पहिली नेमणूक गीकी यांची झाली. १८७५ मध्ये गीकी यांनी मर्चिसन यांचे चरित्र प्रसिद्ध केले. १८८२ मध्ये ते संपूर्ण सर्व्हेचे महासंचालक झाले. अशा प्रकारे अधिकृत नकाशा, विद्यापीठातील अध्यापन आणि शासकीय संस्था या तिन्ही ठिकाणी एकच मत प्रस्थापित झाले. निकोल यांच्यामागे अशी कोणतीही यंत्रणा नव्हती. ते १८७९ मध्ये निधन पावले, तेव्हा त्यांचे मत मान्य झालेले नव्हते.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. निकोल यांच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. त्यांचे निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात प्रसिद्ध झाले होते. तरीही ते परिणामशून्य ठरले, कारण पडताळणीसाठी आवश्यक असे तपशीलवार नकाशाकार्य त्या प्रदेशात त्या वेळी झालेच नाही. जे आधीच सिद्ध मानले गेले, ते पुन्हा तपासण्याची गरज कोणास वाटली नाही. मताला विरोध करण्यापेक्षा त्याची तपासणीच अनावश्यक ठरविणे, हा अधिकाराचा अधिक परिणामकारक मार्ग असतो.

चार्ल्स लॅपवर्थ : शाळाशिक्षक ते संशोधक :

या कोंडीतून मार्ग काढणारे चार्ल्स लॅपवर्थ (१८४२–१९२०) हे भूशास्त्राचे पदवीधर नव्हते. शिक्षक प्रशिक्षण पूर्ण करून ते १८६४ मध्ये दक्षिण स्कॉटलंडमधील गॅलाशिल्स या गावी शाळाशिक्षक म्हणून रुजू झाले. तेथील टेकड्यांत फिरता फिरता त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने भूशास्त्राचा अभ्यास केला. शाळेच्या कामातून उरलेला वेळ आणि सुट्ट्या हीच त्यांची संशोधनाची साधने होती.

दक्षिण स्कॉटलंडमधील मॉफट परिसरात काळ्या शेलचे पट्टे वारंवार आढळतात. हे वेगवेगळ्या काळांतील थर असून त्यांची एकूण जाडी प्रचंड आहे, असे सर्व्हेचे मत होते. लॅपवर्थ यांनी शेलमधील ग्रॅप्टोलाइट या जीवाश्मांचा थरागणिक संग्रह केला. कोणती जाती कोणत्या पातळीवर येते याची नोंद त्यांनी बारकाईने केली. त्यावरून दिसून आले की, एकच पातळ थर वळ्या पडून आणि तुटून पुनःपुन्हा वर आला आहे. १८७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मॉफट मालिका’ या निबंधाने सर्व्हेची मांडणी मोडीत काढली. १८७९ मध्ये त्यांनी कँब्रियन आणि सिल्युरियन यांच्या दरम्यान ‘ऑर्डोव्हिशियन’ हा स्वतंत्र काळ सुचविला. पुढे तो जगभर स्वीकारला गेला. १८८१ मध्ये बर्मिंगहॅम येथील मेसन कॉलेजात त्यांची प्राध्यापकपदी नियुक्ती झाली.

दक्षिणेतील अनुभवातून लॅपवर्थ यांना एक धडा मिळाला होता. थर एकावर एक दिसतात एवढ्यावरून त्यांचा क्रम ठरविता येत नाही. अनुक्रम आधी स्वतंत्रपणे, जेथे थर अबाधित आहेत तेथे ठरवावा लागतो आणि मग गुंतागुंतीच्या भागाला तो लावून पाहावा लागतो. हीच पद्धत घेऊन ते १८८२ आणि १८८३ च्या उन्हाळ्यात डर्नेस व एरिबॉल परिसरात गेले.

एरिबॉल येथील क्षेत्रकार्य :

मर्चिसन यांचे दौरे लांब पल्ल्याचे आणि वेगवान होते. लॅपवर्थ यांनी त्याउलट लहानसे क्षेत्र निवडले आणि एका मैलाला सहा इंच या प्रमाणाच्या नकाशावर त्यातील खडकांची नोंद केली. क्वार्टझाइटचे त्यांनी उपविभाग पाडले. त्यांपैकी एका थरात, प्राचीन सागरतळावरील कृमिसदृश जीवांनी केलेल्या उभ्या बिळांच्या नळ्या आढळतात. त्यास ‘पाइप रॉक’ म्हणतात. असा ओळखीचा थर पुन्हा पुन्हा दिसू लागला, तर तेथे थरांची पुनरावृत्ती झाली आहे हे उघड होते. शिवाय मूळच्या उभ्या असलेल्या या नळ्या काही ठिकाणी कललेल्या व ताणलेल्या दिसतात. खडकावर किती आणि कोणत्या दिशेने ताण आला, याचे मोजमापच जणू खडकात नोंदले गेले होते.

आर्नाबॉल टेकडीवर त्यांना प्राचीन ल्युईशियन नाईस चक्क पाइप रॉकच्या वर पसरलेला आढळला. येथे शंकेस जागा नव्हती, कारण ल्युईशियन नाईस क्वार्टझाइटपेक्षा जुना आहे हे मर्चिसन यांनाही मान्य होते. जुना खडक नव्या खडकावर आला असेल, तर तो सरकत आला असला पाहिजे. स्विस भूशास्त्रज्ञ आल्बर्ट हाइम यांनी १८७८ मध्ये आल्प्सच्या अभ्यासावरून पर्वतनिर्मितीच्या यंत्रणेविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला होता. वळ्यांचा मधला भाग ताणला जाऊन तुटतो, ही त्यातील कल्पना लॅपवर्थ यांना उपयोगी पडली. १८८३ मध्ये ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’मधील ‘हायलँड्सचे रहस्य’ या लेखमालेत त्यांनी आपले विवेचन मांडण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी चार्ल्स कॅलवे यांनीही स्वतंत्रपणे मर्चिसन यांच्या मताविरुद्ध निबंध प्रसिद्ध केला.

हे काम लॅपवर्थ यांच्या प्रकृतीला मानवले नाही. १८८३ मध्ये त्यांना गंभीर मानसिक थकवा आला आणि क्षेत्रकार्य सोडावे लागले. खडकांचा तो अजस्र थर आपल्या अंगावरून सरकत असल्याचा भास त्यांना आजारपणात होत असे, अशी हकिकत भूशास्त्रज्ञांमध्ये सांगितली जाते.

पीच, हॉर्न आणि गीकी यांची जाहीर कबुली :

विरोधी मते पुढे येऊ लागल्यावर महासंचालक गीकी यांनी १८८३ मध्ये सर्व्हेतील बेन पीच (१८४२–१९२६) आणि जॉन हॉर्न (१८४८–१९२८) यांना वायव्य हायलँड्सचे तपशीलवार नकाशाकार्य करण्यास पाठविले. बेन पीच हे १८५४ मध्ये डर्नेस येथे जीवाश्म शोधणाऱ्या चार्ल्स पीच यांचे पुत्र होत. पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कोणत्याही मताचा पूर्वग्रह न ठेवता प्रत्यक्ष वस्तुस्थिती नकाशावर उतरवावी, अशी सूचना गीकी यांनी दिली होती. मर्चिसन यांचेच मत सिद्ध होईल, अशी त्यांची अपेक्षा असली तरी ही सूचना महत्त्वाची ठरली.

१८८४ मध्ये पीच आणि हॉर्न यांचा निष्कर्ष आला, तो लॅपवर्थ यांच्या बाजूचा. गीकी यांनी स्वतः त्या प्रदेशात जाऊन पुरावा पाहिला. १३ नोव्हेंबर १८८४ च्या ‘नेचर’च्या अंकात गीकी यांचे निवेदन आणि त्यासोबत पीच व हॉर्न यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. मर्चिसन यांनी मानलेल्या चढत्या क्रमाविरुद्धचा पुरावा निर्णायक असल्याचे त्यात स्पष्टपणे मान्य करण्यात आले. कमी उताराच्या ज्या पातळीवरून खडक पुढे ढकलला गेला, तिच्यासाठी ‘थ्रस्ट-प्लेन’ ही संज्ञा गीकी यांनी या निवेदनात वापरली आणि ती भूशास्त्रात रूढ झाली.

या कबुलीचे मूल्यमापन दोन्ही बाजूंनी करता येते. गीकी यांनी लॅपवर्थ आणि निकोल यांना त्या वेळी पुरेसे श्रेय दिले नाही, ही टीका साधार आहे. दुसरीकडे, ज्या मतावर आपली संपूर्ण कारकीर्द उभी राहिली ते मत, एका संस्थेचा प्रमुख स्वतः जागेवर जाऊन पाहतो आणि वर्षभराच्या आत जाहीरपणे मागे घेतो, हीदेखील सामान्य घटना नव्हे. १८६१ चा नकाशा आणि १८८४ चे निवेदन या दोहोंवर एकाच व्यक्तीचे नाव आहे.

पीच, हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम पुढे दोन दशके चालले. १८९१ मध्ये क्वार्टझाइटच्या वरच्या थरांत ‘ओलेनेलस’ या ट्रायलोबाइटचे जीवाश्म सापडले आणि ते थर कँब्रियन काळातील असल्याचे निश्चित झाले. सर्व्हेतील हेन्री कॅडेल यांनी एका बाजूने ढकलता येईल अशा पेटीत निरनिराळ्या पदार्थांचे थर रचून प्रयोग केले. दाब दिल्यावर थरांचे काप होऊन ते कौलांप्रमाणे एकावर एक चढतात, हे त्यांनी दाखविले. १९०७ मध्ये या सर्व कामाचा साडेसहाशेहून अधिक पृष्ठांचा अहवालग्रंथ प्रसिद्ध झाला. आडव्या दिशेने झालेले सरकणे किमान दहा मैलांचे असावे, असा पीच व हॉर्न यांचा अंदाज होता. आजच्या अभ्यासानुसार ते याहून कितीतरी अधिक, कदाचित १०० किलोमीटरच्या आसपास असावे.

प्रस्तरभंगाच्या पट्ट्यातील खडक : मायलोनाइट :

लॅपवर्थ यांचे कार्य प्रस्तरभंग ओळखण्यापुरते मर्यादित नव्हते. थ्रस्टच्या लगत त्यांना बारीक कणांचा, पातळ पट्ट्यांचा एक चमत्कारिक खडक आढळला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता तो मूळच्या नाईसपासूनच बनलेला होता. १८८५ मध्ये त्यांनी त्यास ‘मायलोनाइट’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘मायलोन’ म्हणजे गिरणी. दोन प्रचंड खडकसमूहांच्या मध्ये भरडला गेलेला खडक, असा त्याचा अर्थ.

या निरीक्षणाचे महत्त्व फार मोठे आहे. तोवर रूपांतरण म्हणजे खोलवरच्या उष्णतेने होणारा बदल, अशी समजूत होती. खडकाची हालचाल हीच त्याची अंतर्रचना बदलू शकते, आणि म्हणून खडकातील पट्टे हे मूळ निक्षेपणाचे थर असतीलच असे नाही, हे लॅपवर्थ यांनी दाखविले. मर्चिसन यांचा क्रम ज्या समांतर थरांवर आधारलेला होता, त्यांतील शिस्टचे थर बव्हंशी हालचालीनेच निर्माण झालेले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे सिद्ध झाले की, मायलोनाइट हा मुख्यत्वे भरडला जाऊन तयार होत नाही. खोलवरच्या तापमानात स्फटिक न तुटता आकार बदलतात व नव्याने स्फटिकीभूत होतात. नाव कायम राहिले, त्याचा आशय मात्र सुधारला गेला.

याच काळात सर्व्हेतील जॉर्ज बॅरो यांनी १८९३ मध्ये आग्नेय हायलँड्समधील रूपांतरित खडकांचे, त्यांतील खनिजांच्या आधारे पट्टे पाडले. क्लोराइट, बायोटाइट, गार्नेट, स्टॉरोलाइट, कायनाइट आणि सिलिमनाइट या क्रमाने वाढत जाणारे रूपांतरण आज ‘बॅरोव्हियन’ म्हणून ओळखले जाते. हा सहा पट्ट्यांचा पूर्ण क्रम बॅरो यांच्या नंतरच्या कामातून व इतर अभ्यासकांच्या भरीतून सिद्ध झाला. कोणता खडक किती तापला आणि किती दाबला गेला, हे ठरविण्याचे साधन त्यातून मिळाले. पुढे किरणोत्सारी कालमापनाने वयेही निश्चित झाली. ल्युईशियन नाईसचा काही भाग सुमारे ३०० कोटी वर्षे जुना आहे. मोइन खडकांचा मूळ गाळ सुमारे १०० ते ८७ कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तर थ्रस्टवरील हालचाल सुमारे ४३ कोटी वर्षांपूर्वीची आहे. आयपेटस नावाच्या प्राचीन महासागराचा लोप होऊन भूखंडांची टक्कर झाली, त्या घटनेचा हा भाग होता, हे भूपट्ट सिद्धांताने १९६० च्या दशकानंतर स्पष्ट केले.

हिमालयाशी असलेला संबंध :

हायलँड्समध्ये उभा राहिलेला प्रश्न हिमालयात अधिक भव्य स्वरूपात आढळतो. दार्जिलिंगच्या पायथ्याशी गोंडवन काळातील कोळसायुक्त थर आहेत. त्यांवर दालिंग मालिकेचे कमी रूपांतरित खडक आणि त्यांच्याही वर अत्यधिक रूपांतरित दार्जिलिंग नाईस आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील एफ. आर. मॅलेट यांनी १८७४ मध्येच या प्रदेशाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. पर्वत चढत जावे तसतसे रूपांतरण वाढत जाते. खोल जाताना उष्णता वाढते, या सर्वसाधारण अपेक्षेच्या हे नेमके उलट आहे. एस. रे यांनी १९४७ मध्ये येथील खनिजपट्ट्यांचा क्रम प्रसिद्ध केला आणि बॅरो यांची पद्धत पूर्व हिमालयास लागू पडते हे स्पष्ट झाले.

१९३६ मध्ये आर्नोल्ड हाइम आणि ऑगुस्तो गान्सेर या स्विस भूशास्त्रज्ञांनी मध्य हिमालयात मोहीम केली. १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ‘मेन सेंट्रल थ्रस्ट’ ही संज्ञा दिली. आर्नोल्ड हाइम हे, ज्यांच्या ग्रंथाने लॅपवर्थ यांना दिशा दिली, त्या आल्बर्ट हाइम यांचे पुत्र होत. त्याआधी जे. बी. ऑडेन यांनी गढवालमधील आणि दाराशा नौशेरवान वाडिया यांनी काश्मीरमधील थ्रस्टविषयी मूलभूत काम केले होते. वाडिया यांचे उदाहरण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलके आहे. १९०७ ते १९२१ या काळात ते जम्मू येथील प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात अध्यापन करीत होते. सुट्ट्यांत त्यांनी भोवतालच्या पर्वतरांगांचा अभ्यास केला आणि अध्यापक असतानाच १९१९ मध्ये ‘जिऑलॉजी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. सर्वेक्षणातील नोकरी त्यांना त्यानंतर मिळाली.

हिमालयातील उलट्या रूपांतरणाचे अंतिम स्पष्टीकरण अद्याप एकमताने झालेले नाही. उष्ण खडकांचा थर वर चढून त्याने खालच्या खडकांना तापविले, की हालचालीच्या पट्ट्यात मूळ क्रमच ताणला व उलटविला गेला, याविषयी भिन्न मते आहेत. परंतु ही चर्चा कोणत्या पुराव्याच्या आधारे करावयाची, हे एरिबॉल आणि आग्नेय हायलँड्समधील कार्याने निश्चित करून दिले आहे.

इतिहासलेखनातील दोन दृष्टिकोन :

या वादाचे वर्णन दीर्घकाळ ‘अंधारातून प्रकाशाकडे’ अशा पद्धतीने केले गेले. १९९० मध्ये डेव्हिड ओल्ड्रॉइड यांनी क्षेत्रवह्या व पत्रव्यवहार यांच्या आधारे लिहिलेल्या ग्रंथाने या चित्रास सामाजिक परिमाण दिले. संस्था, आश्रय, पदे आणि व्यक्तिगत निष्ठा यांचा वैज्ञानिक मतांवर होणारा परिणाम त्यातून पुढे आला. मात्र केवळ सामाजिक घटकांनी वादाचा शेवट उलगडत नाही. १८८४ मध्ये पदे, निधी आणि प्रतिष्ठा हे सर्व मर्चिसन यांच्या मताच्या बाजूने होते. तरीही ते मत टिकले नाही. सत्तेमुळे चूक दीर्घायुषी झाली, परंतु तपशीलवार नकाशा हाती आल्यावर सत्तेला ती वाचविता आली नाही. हे दोन्ही अर्धे एकत्र मांडल्याशिवाय या वादाचा इतिहास पूर्ण होत नाही.

निष्कर्ष :

१) मर्चिसन यांची चूक निरीक्षणाच्या अभावामुळे नव्हे, तर निरीक्षणाच्या प्रमाणामुळे झाली. विस्तीर्ण प्रदेश वेगाने पाहिल्यास थर सलग दिसतात. लहान क्षेत्र बारकाईने पाहिल्यास ते तुटलेले दिसतात.

२) निकोल यांचा मूळ मुद्दा बरोबर असूनही त्यामागे सविस्तर नकाशा व संस्थात्मक बळ नसल्याने तो मागे पडला. १९०७ च्या अहवालातील इतिहासविषयक प्रकरणात त्यांच्या कार्याची दखल घेतली गेली, ती त्यांच्या निधनानंतर २८ वर्षांनी.

३) लॅपवर्थ यांच्या यशाचे कारण त्यांच्या अभ्यासपद्धतीत आहे. शाळेतील नोकरी सांभाळून केलेल्या स्थानिक, चिकाटीच्या अभ्यासातून ती पद्धत घडली होती. मोठी साधने नसणे हा त्यांच्या संशोधनातील अडथळा ठरला नाही.

४) रूपांतरण, प्रस्तरभंग आणि भूकवचाची हालचाल यांचा एकत्रित विचार करण्याची परंपरा येथूनच सुरू झाली आणि तिचा थेट धागा हिमालयाच्या अभ्यासापर्यंत पोहोचतो.

५) संस्थेने स्वतःची चूक तपासण्यासाठी स्वतःचीच माणसे पाठविणे आणि प्रतिकूल निष्कर्ष प्रसिद्ध करणे, हे या वादातील सर्वांत अनुकरणीय वर्तन होय. ते घडण्यास १८६१ पासून २३ वर्षे लागली, हेही त्यासोबत नोंदविले पाहिजे.

इंचनाडॅम्फ येथे पीच आणि हॉर्न यांच्या स्मरणार्थ १९३० मध्ये स्मारक उभारण्यात आले. मायलोनाइट हा शब्द जगभरच्या प्रयोगशाळांत लॅपवर्थ यांची आठवण राखून आहे. निकोल यांच्या नावाने मात्र कोणतीही संज्ञा रूढ झाली नाही. अध्यापनात मोइन थ्रस्टचा उल्लेख करताना या तिसऱ्या नावाचाही उच्चार होणे, हे इतिहासाच्या दृष्टीने न्याय्य ठरेल.